नीट धुवावे

कुपीत आहे ते दिसायला मैद्यासारखं.
ओटावाच्या जानेवारीत, उणे बावीसमध्ये,
कुरियरवाल्याने ते पत्र्याच्या डब्यातून आणून दिलं
आणि सही घेऊन, नाक पुसत निघून गेला.
अशा सोळा कुप्या सोळा गावांना गेल्या,
एकाच घाण्यातल्या, एकाच दिवशी भरलेल्या.
प्रश्न एवढाच: सिलिकाच्या या कणांच्या अंगावर
अमाईन किती?

वरवरचं म्हणजे उथळ, अशी बोलायची रीत.
इथे वरवरचंच सगळं.
कण इतका बारीक
की पोट असून नसल्यासारखं, नुसती पाठ.
शरीरात शिरला तर रक्त आधी त्या पाठीलाच विचारतं,
तू कोणाचा?

उत्तरं आली सोळा.
एकापेक्षा दुसरं दुप्पट, तिसरं भलतंच.
ब्राउनश्वाइगने रंग चढवून मोजलं;
रंग जिथवर पोचला तिथवरचंच त्याने सांगितलं,
खाचेत बसलेल्यांची हजेरी लागलीच नाही.
त्सुकुबाने कण अल्कलीत रात्रभर विरघळवून
सगळ्यांनाच बाहेर काढलं.
दोघंही खरं बोलत होते.
प्रश्न दोन होते, आम्ही एक समजून विचारलेले.

ते निस्तरलं. तक्त्यात दोन रकाने पाडले.
तरी गिस्लेन तिबोदोचा आकडा
विरघळवणाऱ्यांतही सगळ्यात खाली,
पायरी चुकलेल्या माणसासारखा एकटा.
संख्याशास्त्रवाल्या हेनिंगने त्यावर फुली मारली.
मीही मान डोलावली.

गिस्लेन डॉक्टर नाही. एकतीस वर्षं
काचसामान तिच्या हातातलं. मार्चअखेर निवृत्ती.
पडद्यावर सोळा चौकोन, कुणाच्या खिडकीत रात्र, कुणाच्या सकाळ.
तिने माइक लावला आणि विचारलं काय,
तर, ‘तुम्ही किती वेळा धुता?’

दोनदा. एकदा. तीनदा, पण घाई असेल तर दोनदा.
ल्युब्लियानाची त्याशा म्हणाली,
कागदावर ‘नीट धुवावे’ लिहिलंय,
आम्ही नीट धुतलं.

पृष्ठ सात, ओळ चौथी. तो शब्द माझा.
मीठ चवीपुरतं, तसं धुणं नीट.
लिहिताना पुरेसा वाटला होता,
सभ्यही.
मापात पाप कुणाच्याच नव्हतं,
माप सांगणाऱ्या ओळीत होतं.

गिस्लेनने धुवण फेकलं नव्हतं.
सहा नळ्या, पेन्सिलीने क्रमांक घातलेल्या.
पहिल्या धुवणात अमाईन, दुसऱ्यात अमाईन,
चौथ्यातसुद्धा मागमूस.
पाचव्यात काही नाही.
तिने तरी सहाव्यांदा धुतलं होतं.
कणाला न जडलेले, नुसते टेकलेले ते रेणू
बाकीच्यांनी घरचे म्हणून धरले होते.
पाहुण्यांसकट शिरगणती.

कुणी काही बोललं नाही.
हेनिंगने फुली पुसली; पडद्यावर पुसताना हात दिसत नाही,
पण आकडा परत आला.

‘नीट’ काढायला अकरा महिने लागले.
कुणी म्हणालं, पाच वेळा लिहा.
कुणी म्हणालं, पुढच्या घाण्याला सात लागतील, मग?
शेवटी ठरलं:
‘धुवणात अमाईन दिसेनासे होईपर्यंत धुवावे, धुवण जपून ठेवावे.’
दिसेनासे म्हणजे किती, यावर वेगळी टीप आहे,
पृष्ठ आठ.
अशा कागदांवर कुणाचं नाव घालत नाहीत.

परवा ती रिडो कालव्यावर भेटली.
हिरवा झेंडा लागलेला, पोरंटोरं बर्फावर घसरत चाललेली,
आणि बर्फाची जाडी तपासणारा एक मुलगा
गिरमिट खांद्यावर टाकून काठावर उभा.
तिने त्याला विचारलं, ‘भोकं किती ठिकाणी पाडलीस?’
‘नीट तपासलंय, मादाम.’

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी खाली वाकून बुटाचे बंद सोडले,
पुन्हा बांधले.